तुम्ही विचारलंत म्हणून: संकासूर दिसला पाहिजे

माझे दशावताराचे व्हिडिओ बघून कोणी ना कोणी विचारतंच, की रात्रीच्या शूटिंगला कुठला कॅमकॉर्डर घेऊ, आणि त्याला जोडूनच दुसरा प्रश्न, तुमचं जुनं पीडी-१७० वरचं रेकॉर्डिंग आमच्या एचडीपेक्षा अंधारात बरं कसं काय दिसतं. दुसऱ्याचं उत्तर दिलं की पहिलं निम्मं सुटतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

सोनीचा पीडी-१७० हा २००३ चा. आत १/३ इंची तीन सीसीडी (उजेड टिपणाऱ्या सेन्सर चिपा), प्रत्येकीवर साडेचार लाखांच्या आसपास पिक्सेल. मग दीडेक वर्षात सोनीचाच एचडीव्हीवाला (टेपवरच एचडी घेणारा) झेड-१ आला, चिपचं माप तेच पण पिक्सेल दहा लाखांच्या वर. तेवढ्याच कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, दुप्पट तरवा लावला तर काय होणार, प्रत्येक रोपाच्या वाट्याला कमीच येणार ना, उजेडाचं तसंच झालं. चित्र यायला कमीत कमी किती उजेड लागतो तो आकडा लक्समध्ये देतात, कंपनीच्याच कागदावर पीडी-१७० ला १ लक्स आणि झेड-१ ला ३ लक्स लिहिलेलं असायचं. दिवसा मात्र झेड-१ समोर पीडी अगदीच पाणचट, हेही सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही जुना पीडी शोधत फिराल आणि मग टेपा कुठून आणणार?

बाकी लक्सचा आकडा बघून कॅमेरा घेऊ नका म्हणजे नकाच घेऊ. एक जण शटर (एका चित्रासाठी उजेड घ्यायचा वेळ) १/५० सेकंद धरून मोजतो, दुसरा १/२५ धरून, गेन (कॅमेऱ्याने आतल्या आत सिग्नल वाढवणं) कोण किती चढवतो ते खोक्यावर लिहिलेलं नसतं, त्यामुळे एकाच कंपनीचे दोन आकडे फार तर ताडून बघावेत. मी स्वतः एकदा ‘० लक्स’ वाचून एक छोटा कॅमेरा घेतला होता (कंपनीचं नाव राहू दे), जत्रेत उभा राहिल्यावर कळलं की ते शून्य इन्फ्रारेडवरचं आहे, गणपती हिरवा, रिद्धी-सिद्धी हिरव्या, भटजीसुद्धा हिरवा! साध्या मोडवर आलो तर संकासूर (दशावतारातला राक्षस) आला तेव्हा शेजारचे काका स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाले, "अरे, नुसती जीब दिसता, संकासूर खंय आसा?" अंगभर काळं, तोंडावर काळा बुरखा आणि बाहेर लोंबणारी लाल जीभ, याच्याइतकी कडक परीक्षा कुठल्याच लॅबमध्ये होत नसेल. तेव्हापासून माझं मोजमाप तेच, काळ्यात काळं वेगळं दिसतं का.

आता गेन, तो डीबीत मोजतात. ६ डीबी म्हणजे सिग्नल दुप्पट, १८ म्हणजे आठपट, पण त्याबरोबर चित्रात वळवळणारे दाणेही आठपट मोठे होतात. आणि नुसते दाणे असते तर डोळ्यांनी चालवून घेतलं असतं, खरी वाट लागते ती पुढे, कारण दाणे प्रत्येक फ्रेमला जागा बदलतात आणि बिचारा कोडेक (व्हिडिओ दाबून साठवणारी यंत्रणा) त्यांनाच हालचाल समजून सगळा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला मिळणारी जागा, त्यांच्यावर उधळतो, मग राजाच्या शेल्यावरचं जरीकाम जाऊन तिथे चौकोन दिसायला लागतात. मी ९ च्या वर जात नाही, अगदीच झालं तर १२. ऑटोवर तर रात्री ठेवूच नका, मागचा काळोख बघून कॅमेरा सगळं उजळवतो आणि रंगवलेले चेहरे भाकरीच्या पिठासारखे पांढरेफटक होतात.

लेन्सकडे कोणी बघतच नाही. एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते, पण एफ १.६ हे फक्त वाईडला (झूम न करता), पीडी-१७० सुद्धा पूर्ण झूमला २.४ वर येतो, म्हणजे उजेड निम्म्याहूनही कमी. सोनीच्याच २०१४ च्या एएक्स-१०० ला सेन्सर एक इंची आहे, क्षेत्रफळ १/३ च्या साधारण साडेसहापट, पण लेन्स २.८ पासून सुरू होऊन झूमला ४.५, म्हणजे सेन्सरने कमावलेलं बरंचसं लेन्सने खाल्लं. तरी तो पुढेच राहतो, फक्त साडेसहापट नाही. आणि खांद्यावरचा मोठा कॅमेरा बघून लग्नवाले खूश होतात खरे, पण त्यात कधीकधी १/४ इंचीच सेन्सर असतो, तेव्हा कागद वाचा.

म्हणून तुम्ही काय घ्यायचं? परवडत असेल तर एक इंची सेन्सर, नसेल तर १/३ च्या खाली उतरू नका, आणि प्रेक्षकांच्या मागे उभं राहून झूम करण्यापेक्षा पायपेटीवाल्या बुवांना विचारून रंगमंचाच्या बाजूला पुढेच जागा धरा, पुढे जायला एक पैसा पडत नाही.

दुकानात जाताना काळी छत्री न्या, मिटलेली. एक सोडून सगळे दिवे बंद करायला सांगा, झूम पूर्ण आत न्या, शटर १/५०, गेन ९. स्क्रीनवर छत्रीच्या घड्या मोजता आल्या तर कॅमेरा घ्या. दुकानदार बघत राहतो, बघू दे.