अंगावर घालायचा आकाशकंदील

ऱ्हाईन नदीकाठचे ड्युसेलडॉर्फ हे शहर तेथील मोठ्या जपानी वस्तीसाठी ओळखले जाते आणि त्यामुळेच कॉस्प्लेची, म्हणजे एखाद्या पात्राचा पोशाख स्वतः तयार करून त्या पात्रासारखे वावरण्याची आवड येथे अगदी रुळलेली आहे. नाशिकच्या वाचकांना ही कल्पना परकी वाटू नये. धूलिवंदनाच्या दिवशी देवांचे वेश घातलेली मुले आणि वाजतगाजत गोदाघाटाकडे निघालेले वीर आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. पाश्चात्त्य जगात या छंदाचा आरंभ बहुधा १९३९ साली न्यूयॉर्कला भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनापासून मानला जातो. तेथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघे भविष्यकाळातील वेश घालून गेले होते आणि दोघांचेही पोशाख डग्लसबाईंनी तयार केले होते. अ‍ॅकरमन यांचे नाव पुष्कळांना ठाऊक असते. मला मात्र कात्री हातात धरणाऱ्या त्या बाईंविषयी अधिक आदर वाटतो.

मी राहते त्या ड्युसेलडॉर्फमधील हौशी मंडळींचा डिसेंबरमधील मेळावा नाताळच्या सणावर बेतलेला असतो आणि बहुतेक जण लाल-पांढऱ्या सांताच्या वेशाला आपापल्या पात्राची जोड देतात. मला प्रकाशाचा सण अंगावर घालायचा होता. नोव्हेंबरमध्ये सेंट मार्टिनच्या सणाला येथील मुले कागदी कंदील हातात घेऊन संध्याकाळी गाणी म्हणत रस्त्यांवरून फिरतात. ते दृश्य प्रथम पाहिले तेव्हाच आपल्या आकाशकंदिलाचा पोशाख करावा असे मनाने घेतले होते. यंदा दिवाळीला नाशिकला येणे जमले आणि पंचवटीत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या शिलाई मशीनवर तो पोशाख आकाराला आला.

कामट्यांचा कंदील करताना आधी सांगाडा उभा राहतो आणि मग त्यावर पतंगी कागद चढतो. पोशाखाचाही विचार मी त्याच क्रमाने केला. कंबरेपासून घोट्यापर्यंतच्या घेराला तीन कडी ठरवली : वरचे लहान, मधले सर्वांत मोठे, गुडघ्याखालचे पुन्हा लहान आणि त्याखाली मोकळ्या झिरमिळ्या. अष्टकोनी कंदिलाच्या आठ बाजूंप्रमाणे आठ कळ्या, म्हणजे घेराचे उभे तुकडे, धरल्या. मधल्या कड्यापाशी प्रत्येक कळी ११ इंच रुंद ठेवल्याने घेर ८८ इंच, म्हणजे आरपार रुंदी सुमारे २८ इंच झाली. याहून मोठा घेर अधिक देखणा दिसला असता, परंतु दारातून आणि ट्रॅममधून सरळ चालत जाता आले पाहिजे, हे बंधन मला रूपापेक्षा मोठे वाटते. खालचे कडे ६४ इंचांचे घेतले, म्हणजे पाऊल मोकळेपणाने पडते. कडी गोल असल्यामुळे कोन दिसणार नाहीत, ही अडचण आत्याने चुटकीसरशी सोडवली. प्रत्येक जोडावर गडद जांभळा गोट लावला आणि त्याच्या आत प्लॅस्टिकची लवचीक पट्टी सरकवली, त्यामुळे लांबून आठही कोन स्पष्ट उठून दिसतात. पोलादी पट्ट्यांची कडी मी जर्मनीहून आणली होती. परकराच्या नेफ्यात नाडी ओवतात तशी ती ओवायची आणि विमानप्रवासाच्या वेळी काढून घ्यायची, म्हणजे सारा कंदील घडी होऊन बॅगेत मावतो.

"आधी मांजरपाटावर बेत बघ, मग त्या महागड्या कापडाला हात लाव," असे आत्याने पहिल्याच दिवशी बजावले. मांजरपाटाचा, म्हणजे साध्या सुती कापडाचा, तो कच्चा घेर घालून मी घरभर चालले, जिना उतरले, खुर्चीवर बसले. सगळा भार एका नाडीवर न ठेवता बकरम, म्हणजे आतले कडक कापड, घातलेल्या चार इंची पट्ट्यावर घ्यावा, हे त्यातूनच ठरले.

पतंगी कागदाचा कडकपणा आणि पारदर्शकपणा ऑरगंझात उतरतो, म्हणून मेन रोडवरून केशरी आणि राणी रंगाचा ऑरगंझा घेतला. हे कापड फार सुटते आणि मागे दिवा असला की आतली प्रत्येक कच्ची कड सावलीसारखी दिसते. म्हणून बारीक सुई लावून, आधी सुलट बाजूने आणि मग उलट बाजूने टीप घालून प्रत्येक कड शिवणीतच बंद केली. दिव्यांसाठी आत पांढरा सुती परकर आहे. तो पाय झाकतो आणि उजेड बाहेर परतवतो. रंग बदलणारे दिवे पूर्ण तेजाने लावले तर एकेक दिवा ६० मिलिअँपियरपर्यंत वीज घेतो. असे १०० दिवे म्हणजे ६ अँपियर, आणि साध्या पॉवर बँकेला एवढा भार पेलत नाही. म्हणून तांब्याच्या बारीक तारेतील पिवळसर दिव्यांची माळ निवडली. पॉवर बँक परकराच्या खिशात राहते, मात्र विमानात ती हातातल्या बॅगेतच न्यावी लागते.

झिरमिळ्यांसाठी आत्याने आपली जुनी येवल्याची पैठणी काढली. अंगाचे रेशीम घड्यांवर विरले होते, पण काठ शाबूत होते. खऱ्या हातमागाच्या पैठणीत जरीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मागे लोंबते धागे नसतात. वाऱ्याने उलटसुलट होणाऱ्या झिरमिळ्यांना याहून योग्य कापड नाही. अस्तराची गरजच पडली नाही. आडवे कापले की काठ उसवतो, म्हणून आधी एकमेकींलगत दोन टिपा घालायच्या आणि मग त्यांच्या मधून कात्री चालवायची. आत्याने स्वतःच्या हाताने ते कापले, आणि कापताना तिच्या चेहऱ्यावर हळहळ नव्हती, याचे मला फार समाधान वाटले.

डोक्यावर काय घालावे याचे उत्तर जर्मनीतच मिळाले. नाताळच्या आधीच्या चार रविवारी येथे हिरव्या फांद्यांच्या चक्रातील चार मेणबत्त्या एकेक वाढवत लावतात. मी तसेच हिरवे चक्र करून त्यावर चार पणत्या बसवल्या. मातीच्या पणत्या जड होतात, म्हणून फोम धारदार पात्याने कापून, गरम हवेने वळवून, वर रंग दिला. आत छोटे दिवे आहेत, कारण गर्दीत खरी ज्योत अंगावर घेऊन फिरणे सर्वथा धोक्याचे आहे. मेळावा तिसऱ्या रविवारी होता, म्हणून तीनच पणत्या पेटवल्या. तेथील आजीआजोबांनी हे सर्वांत आधी ओळखले. मग त्यांनी कंदिलाविषयी विचारले आणि मला दिवाळीविषयी मनसोक्त बोलता आले.

कार्यालयातील एका सहकारी बाईंनी आता आपल्या सहा वर्षांच्या मुलीसाठी, पुढच्या सेंट मार्टिनच्या फेरीकरिता, असाच कंदील मागितला आहे. मुलीला पळता यावे म्हणून खालचे कडे काढून टाकायचे आणि कळ्या आठाऐवजी सहाच ठेवायच्या, असे आत्याने व्हिडिओ कॉलवर सुचवले आहे. मापे घेऊन झाली आहेत. मांजरपाट या आठवड्यात कापायचा आहे.