दिघेसाहेब गेले त्या रात्रीची कॅज्युअल्टी

26 ऑगस्ट 2001, रविवार. गणपतीचे दिवस. आदल्या शुक्रवारी शिवसेनेचे ठाणे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांच्या गाडीला अपघात झाला होता आणि पायाच्या दुखापतीसाठी त्यांना ठाण्याच्या सिंघानिया रुग्णालयात ठेवलं होतं. रविवारी हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. रात्री बातमी फुटली आणि जमावाने ते रुग्णालयच पेटवून दिलं. मी तेव्हा ठाण्यातल्याच दुसऱ्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स होते. कॅज्युअल्टीला, म्हणजे तातडीच्या विभागात, नाइट होती.

तिथून हलवलेले पेशंट आमच्याकडे येऊ लागले. कुणी रुग्णवाहिकेतून, कुणी रिक्षातून. हातात सुई तशीच आणि सलाईनची बाटली लेकाने उंच धरलेली. पण केसपेपर कुणाकडेच नाही. शेवटचं इन्सुलिन कधी दिलं, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, कशाची ॲलर्जी आहे का, सगळं मागे राहिलेलं. नुकतंच ऑपरेशन झालेल्या एका आजींना विचारलं, तर त्या "पांढरी गोळी दिली होती" एवढंच सांगत राहिल्या. अशा वेळी चुकीचा डोससुद्धा जीव घेतो. प्रत्येकाची शुगर, बीपी, ईसीजी आम्ही नव्याने करत होतो आणि बाहेर रुग्णवाहिका थांबत नव्हत्या.

त्याच गर्दीत एक पोरगा आला. तळहातात काच घुसलेली, शर्टाला धुराचा वास. टाक्यांची तयारी करताना मी त्याला ओळखलं. रात्री-अपरात्री रक्त लागलं, की टेंभी नाक्यावर, साहेबांच्या आश्रमात, निरोप जायचा आणि हा मित्रांना घेऊन हजर व्हायचा. कुणाच्या बाळंतिणीला, कुणाच्या म्हाताऱ्याला, विचारायचाही नाही. आता ढसाढसा रडत होता.

"सिस्टर, आमच्या साहेबांना मारलं हो त्या हॉस्पिटलवाल्यांनी."

मी म्हटलं, "या शेजारच्या आजी तिथूनच आल्यात. टाके ओले आहेत त्यांचे."

"आम्ही पेशंटला हात नाही लावला," तो म्हणाला. त्याला ते मनापासून खरं वाटत होतं.

भाडोत्री गुंड पैसे संपले की घरी जातो. हा पोरगा भाडोत्री नव्हता, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटली. साहेबांसाठी रक्त देणं आणि साहेबांसाठी आग लावणं, त्याच्या मनात दोन्हीचं मूळ एकच होतं. एरवी साहेबांनी नुसता हात वर केला असता, तरी ही पोरं जागच्या जागी थांबली असती. त्या रात्री तो हातच उरला नव्हता आणि दुसऱ्या कुणाचं ऐकायची त्यांना सवय नव्हती. टेंभी नाक्यावर हजारो माणसं नुसती रडत होती, हेही सांगायला हवं. पण इमारत पेटवायला हजारो लागत नाहीत.

ते रुग्णालय पुन्हा सुरू झालं नाही. ठाणेकरांच्या हक्काच्या खाटा त्यांच्याच माणसांनी घालवल्या, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. 2010 मध्ये राज्यात रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आला, 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड. चांगलं झालं. पण रडत येणारा पोरगा कलम वाचून येत नाही. म्हणून आजही कुणी मोठा नेता दाखल झाला, की मी बाकीच्या पेशंटच्या औषधांची यादी करून नातेवाइकांच्या हातात देते आणि मागच्या जिन्याचं कुलूप काढून ठेवायला सांगते.