मॉरिशसला जाताय? मग उसातनं पण फिरा

आमच्या कोल्हापुरात मॉरिशस म्हटलं की हनिमून, निळं पाणी आणि पॅराशूटला लटकलेले फोटो एवढंच डोळ्यासमोर येतं, आणि ते सगळं तिथं आहेच, पण मी आईला घेऊन गेलो म्हणून मला तिथला ऊस नीट बघायला मिळाला आणि आता मी भेटेल त्याला हेच सांगतोय की नुसतं बीचवर पडून राहू नका रे.

आम्ही गेलो ते जुलैच्या शेवटी. इकडं पंचगंगा पात्राबाहेर, राजाराम बंधारा पाण्याखाली, आणि तिकडं हिवाळा, कारण ते बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. हिवाळा म्हणजे थंडीनं कुडकुडायचं नाही, दिवसा मस्त चोवीस-पंचवीस डिग्री, फक्त वारा लई. हा वारा आग्नेयेकडून येतो, त्यामुळं पूर्व किनारा खवळलेला आणि पश्चिम-उत्तर बाजू त्यामानानं शांत असते. इल ओ सेर्फ हे सगळ्यांच्या लिस्टमधलं बेट नेमकं पूर्वेला आहे, तिथं वारा जास्त असेल तर पॅरासेलिंग बंद ठेवतात, म्हणून त्याच्यासाठी एकच दिवस पकडून बसू नका. काइट सर्फिंगवाल्यांची मात्र याच दिवसांत चंगळ, ल मोर्नच्या डोंगराखाली रंगीत पतंग धरून ती पोरं पाण्यावरून अशी सुटतात की आम्ही तासभर नुसते बघत बसलो.

पाण्यातले खेळ इथं एवढे सोपे का, तर बेटाभोवती जवळजवळ सगळीकडं प्रवाळाची भिंत आहे. मोठ्या लाटा त्या भिंतीवर फुटतात आणि आतलं पाणी उथळ, स्वच्छ राहतं. ही गोष्ट पटायची असेल तर दक्षिणेला ग्री ग्रीला जाऊन या, तिथं ती भिंत तुटलेली आहे आणि समुद्र सरळ काळ्या कड्यावर येऊन आदळतो, आवाजानंच छाती धडधडते. तिथं पाण्यात उतरायचं नाही, लांबून बघायचं.

उत्तरेकडच्या ग्रां बे गावात आईनं अंडरवॉटर वॉक केला. साठी ओलांडलेली बाई, पोहता येत नाही, पण डोक्यावर ते काचेचं मोठं हेल्मेट घालतात आणि वरच्या बोटीतून नळीनं हवा सोडतात त्यामुळं पोहायची गरजच नसते, तीन-चार मीटर खाली वाळूत चालायचं. उतरताना कानात दडा बसतो तेव्हा आवंढा गिळत राहायचं. दमा, हृदयाचा त्रास असेल तर मात्र हे करू नका, आधी स्पष्ट सांगा. वर आल्यावर आई पहिलं काय म्हणाली तर, "मासं माझ्या हातातलं पाव खाऊन गेलं की रं!" मला स्वतःला मात्र माशांना पाव घालणं पटत नाही, तो त्यांचा खुराक नाही.

त्यापेक्षा ब्लू बे. हे आग्नेय किनाऱ्यावरचं संरक्षित मरीन पार्क आहे, २००८ पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ बघायचं आणि मग स्नॉर्केलिंग. प्रवाळावर पाय टेकवू नका एवढंच कळकळीनं सांगतो, तो दगड नाही, जिवंत आहे, आणि पाणी तापून तो आधीच जागोजागी पांढरा पडलाय.

तिथल्या बोटवाल्या दादानं आम्हाला २०२० ची गोष्ट सांगितली. वाकाशिओ नावाचं मालवाहू जहाज २५ जुलैला जवळच प्रवाळावर चढलं आणि ऑगस्टमध्ये फुटून हजार टनांच्या आसपास तेल समुद्रात आलं. तेव्हा आसपासची माणसं सरकारची वाट बघत बसली नाहीत, कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट ठासून भरलं, तरंगायला प्लॅस्टिकच्या बाटल्या लावल्या आणि ते पाण्यात सोडून तेल अडवलं. आई कागल तालुक्यातली, सगळं आयुष्य उसात गेलेलं, पाचट म्हटल्यावर तिनं मला दोनदा विचारलं, "खरंच पाचट?" आपल्याकडं अजून कितीतरी फडांत पाचट पेटवून देतात.

दुसऱ्या दिवशी तिनं गाडी थांबवायला लावली. तोडणी चालू होती (तिकडं जून ते डिसेंबर गाळप, आपले कारखाने बंद असतात तेव्हा तिकडचे चालू). आई बांधावर उतरली, कांडं बघितलं, पेरं मोजली आणि मग तिची नजर शेताच्या मधोमध रचलेल्या काळ्या दगडांच्या ढिगांवर गेली. घराएवढे ढीग, अगदी नीट रचलेले, आणि कितीतरी शेतांत. सगळं बेट ज्वालामुखीचं, आपल्या सह्याद्रीसारखाच काळा बेसाल्ट, आणि ऊस लावायचा तर आधी ते दगड वेचायला लागायचे. कुणी वेचले? आधी गुलामांनी, आणि १८३५ ला तिथली गुलामगिरी संपली त्या सुमारापासून भारतातून करारावर नेलेल्या मजुरांनी. आई लई वेळ त्या ढिगाकडं बघत होती. मला वाटतं सगळ्या ट्रिपमध्ये बघण्यासारखी जागा कुठली असेल तर ती हीच, आणि तिला तिकीट नाही, पाटी नाही.

हे बघितलं की मग राजधानी पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथं हे मजूर जहाजातनं उतरायचे, तो वेगळाच कळतो. १८३४ पासून पुढं साडेचार लाखांच्या आसपास माणसं भारतातून त्या बेटावर उतरली, घाटाच्या सोळा पायऱ्या अजून आहेत, २००६ ला युनेस्कोच्या यादीत आला. बहुतेक बिहारकडची, पण मुंबई बंदरातून गेलेले आपले लोकही होते, त्यात कोकणातले जास्त. त्यांची पोरं-नातवंडं अजून मराठी म्हणवतात, शाळेत मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला तिथं सरकारी सुट्टी असते.

कास्कावेलकडं, जिथं जुनी मराठी वस्ती आहे, एका मावशींशी आईची गाठ पडली. घरात क्रिओल, म्हणजे फ्रेंचमधनं तयार झालेली तिथली बोली बोलतात, पण आईशी मराठी बोलायचा त्यांनी हट्टच धरला, अडकत, मध्येच फ्रेंच शब्द घालत. "तुम्ही कुठल्या?" आईनं कोल्हापूर सांगितल्यावर म्हणाल्या, "अंबाबाई!" आणि नमस्कार केला. मग आईनं पिशवीतनं भडंगाचं पाकीट काढून दिलं आणि त्यांनी आम्हाला गातो पिमां खायला घातले, म्हणजे मिरची घातलेले डाळवडे. दोघी निघताना रडल्या. मी पण.

खाण्यात ढोल पुरी सोडू नका, रस्त्यावर हातगाडीवर मिळते, आत डाळीचं मऊ सारण, वरून वालाची आमटी आणि चटणी, जोडीनं देतात आणि पोट भरतं. तिखटाची काळजी आपल्या लोकांनी करू नये, मिरचीची पेस्ट मागितली की मिळते. संध्याकाळी सेगा, म्हणजे तिथलं गाणं-नाच बघा, पण हॉटेलातला शोवाला नको, बीचवर शेकोटी करून वाजवतात तो. रावान नावाचं बकऱ्याच्या कातड्याचं मोठं वाद्य आधी जाळावर धरून तापवतात, आपल्याकडं हलगी शेकतात तसं, आणि मग जो ठेका सुरू होतो त्यात पाय थांबतच नाहीत. हे गुलामांचं गाणं होतं, दिवसभर राबल्यावर रात्री गायचे.

बाकी जायचं सोपं आहे. भारतीयांना आधी व्हिसा काढायला लागत नाही, मुंबईहून थेट विमान आहे, सहा तासांच्या आसपास लागतात, घड्याळ दीड तास मागं. टूरवाल्याला मात्र सांगा की उसाच्या भागातनं जाणारा रस्ता धर आणि म्हणेल तिथं थांब, आणि घरात शेती केलेलं मोठं माणूस असेल तर त्याला पुढच्या सीटवर बसवा.