चौथा पट माझाच

सांघिक बुद्धिबळात चौथ्या, म्हणजे शेवटच्या पटाकडे फारसं कुणी बघत नाही. आमच्या बँकेच्या संघात तो पट माझा, आणि वर सरकायची मला अजिबात घाई नाही.

पहिल्या पटावर आमचे कॅप्टन कारो-कान हा भक्कम बचाव घेऊन बसतात ते सगळ्यांचं आवरल्यावरच उठतात. दुसऱ्या-तिसऱ्यावरची मुलंही थंड डोक्याची. तिघांचे डाव रंगायलाच चाळीस चाली जातात. अशा संघाला एक गुण लवकर मिळालेला बरा असतो. म्हणून मी गॅम्बिट खेळते, म्हणजे सुरुवातीलाच एखादं प्यादं देऊन हल्ला चढवते.

चार पट, सामना जिंकायला अडीच गुण. माझा एक आला की उरलेल्या तिघांना मिळून दीडच हवा, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या गुणाच्या तीन बरोबऱ्याही चालतात. समोरच्यांना मात्र तिथे ओढूनताणून जिंकायला जावं लागतं, आणि कॅप्टनच्या कारो-कानसमोर तसं जाणं म्हणजे आपणहून विहिरीत उडी. शिवाय सामन्याच्या निकालावर गुण देणाऱ्या मॅच पॉइंटच्या पद्धतीत अडीच-दीड काय नि चार-शून्य काय, मिळतात दोनच पॉइंट. तिथे माझा एखादा डाव बुडाला तरी बाकीचे सावरून घेतात. पटांचे गुण मोजून क्रमांक लावणार असतील, तर प्रत्येक अर्ध्याला किंमत येते. मग मीसुद्धा गुमान इटालियन ही शांत ओपनिंग (डावाची सुरुवात) खेळते.

पांढरी मोहरी असली आणि समोरून सिसिलियन बचाव आला की स्मिथ-मोरा गॅम्बिट. दुसऱ्या चालीला डी४ (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग), मारामारी झाली की सी३, आणि प्यादं देऊन टाकायचं. बदल्यात सी आणि डी या दोन पट्ट्या मोकळ्या होतात, उंट सी४ वर, वजीर ई२ वर, हत्ती डी१ वर. संगणकाचं इंजिन म्हणतं, काळ्याचं काही बिघडलेलं नाही. खरंय. पण अर्ध्या तासाच्या घड्याळात ते सिद्ध करायला समोर इंजिन बसलेलं नसतं. पांढऱ्यानेही जपून राहायचं. काळ्याचा वजीर सी७ वर आणि घोडा जी४ वर असताना त्याला हुसकायला एच३ केलं, तर दुसरा घोडा डी४ वर येतो आणि आपला वजीर जातो.

पहिल्या पटाला पांढरी आली की माझ्याकडे काळी येतात. तेव्हा बुडापेस्ट गॅम्बिट. बर्लिनला १९१८ मध्ये विदमारने याच गॅम्बिटने रुबिनस्टाइनसारख्या त्या काळच्या अव्वल खेळाडूला हरवलं होतं, म्हणजे ही काही पोरखेळाची ओपनिंग नव्हे. यातला सापळा मला फार आवडतो. काळ्याचा उंट बी४ वर, वजीर ई७ वर. पांढरा ए३ करून उंटाला धमकावतो. आपण उंटाकडे ढुंकूनही न बघता जी४ वरच्या घोड्याने ई५ वरचं प्यादं मारायचं. त्याने हावरटपणे उंट खाल्ला की घोडा डी३ वर, मात! ई२ चं प्यादं राजा आणि आपला वजीर यांच्यामध्ये अडकलेलं, त्यामुळे घोड्याला मारता येत नाही.

कधी कधी मात्र माझा हल्ला ऐन भरात असतो आणि कॅप्टन मागे येऊन म्हणतात, "घे बरोबरी." डावातल्या स्थितीबद्दल कॅप्टनला बोलता येत नाही, पण बरोबरी घे किंवा समोरच्याला बरोबरी विचार, एवढं सांगता येतं. जीव चुटपुटतो. पण फळ्यावर आमचे दोन गुण लागलेले असतील तर अर्धा पुरतो, आणि संघात खेळायचं म्हणजे त्या वेळी हात पुढे करायचाच. ज्यांना हे जमत नाही त्यांनी वैयक्तिक स्पर्धा खेळाव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

सध्याची अडचण वेगळीच आहे. बुडापेस्टला समोरून सी४ यावं लागतं, आणि हल्ली जो तो सी४ न खेळता लंडन ही ओपनिंग लावून बसतो. डी४ ला थेट ई५, म्हणजे एंग्लंड गॅम्बिट, खेळू का असं मी विचारलं. त्यात बी२ वरचं प्यादं खाल्लेल्या आपल्या वजिरावर पांढऱ्याने उंट सी३ ला आणला तर पांढरा संपतो, पण घोडा सी३ वर आणला तर आपण संपतो. कॅप्टन म्हणाले, "मॅडम, तेवढं सोडून काहीही खेळा."