रोजचा एक आकडा

फ्रेंच मला येत नाही. अक्षरं ओळखीची, शब्द परके. म्हणून लेकीकडे फ्रान्समधल्या रेन शहरात होते तेव्हा सकाळच्या चहाबरोबर तिथला ‘उएस्त-फ्रान्स’ पेपर घेऊन बसायचे आणि आकडे वाचायचे. आतल्या पानावर सां-मालो बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळा असत. वेळा समजल्या, पण शेजारचे ४५, ७८, १०२ कसले?

"आई, तो भरतीचा जोर. वीस ते एकशेवीसमध्ये मोजतात."

मोबाइलवर तिथी पाहिली. पौर्णिमा, अमावास्या उलटली की आकडा चढलेला. अष्टमी उलटली की उतरलेला. म्हणजे आमच्या रत्नागिरीचं उधाण, मोठी भरती, आणि भांग, छोटी भरती! मग वहीच्या मागच्या पानावर रोजचा आकडा टिपायला लागले.

बाकीचा पेपर लेक वाचून दाखवायची, त्याची कुळकथाही तिनंच सांगितली. मूळ पेपर ‘उएस्त-एक्लेर’, १८९९ चा. फेलिक्स त्रोशू हे पाद्री आणि एमान्युएल देग्रे द्यू लू हे वकील, या दोघांनी काढलेला. जर्मन आले तरी तो छापला जात राहिला, आणि तेच त्याला भोवलं. १९४४ च्या ऑगस्टमध्ये रेन मुक्त झालं आणि त्याच्यावर बंदी आली. ७ ऑगस्टला त्याच शहरात नव्या नावाचा अंक निघाला. काढणाऱ्यांत देग्रे द्यू लूंचे जावई पॉल ह्यूतँ होते. जावयानं सासऱ्याचं घर सावरल्याची गोष्ट आपल्याकडे जरा दुर्मीळच!

पुढे हा पेपर कोणा धनाढ्यानं विकत घेऊ नये म्हणून १९९० मध्ये मालकीच एका संस्थेच्या नावे केली. खपात तो पॅरिसच्या बड्या दैनिकांच्या पुढे आहे. मला त्याचं नवल वाटेनासं झालं. ब्रिटनी, नॉर्मंडी, लवार पट्टा मिळून पन्नासच्या वर आवृत्त्या. कुठल्या गावात शाळेचं छप्पर बदललं, कुठे पत्त्यांचे डाव रंगले, सगळं फोटोसकट. एका आजोबांच्या हातातला भोपळा तर अर्ध्या पानभर होता. राष्ट्राध्यक्षांना त्या दिवशी तेवढी जागा मिळाली नव्हती.

रत्नागिरीला परतल्यावर मिरकरवाडा बंदरातल्या ओळखीच्या तांडेलांना, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखांना, वही दाखवली. कुठला पेपर, कुठला देश, त्यांनी काही विचारलं नाही. ओळीवरून बोट फिरवत १०४ वर थांबले.

"वहिनी, ही बीज असणार."

तिथी मी शेजारीच लिहून ठेवली होती. वही मिटून पिशवीत टाकली आणि बांगड्याचा भाव विचारला.