भिंत रिकामी करायचा सोमवार

दर तिसऱ्या सोमवारी मी पुट्टी भरते. हे ऐकून काकीने फोनवर विचारलं होतं, "अगो, एवढा शिकान इंग्लंडाक गेलंस, ता ह्येच्यासाठी?" पोटापाण्यासाठी मी एका हॉटेलचे हिशेब लिहिते, नवरा ट्रूरोच्या इस्पितळात नोकरीला आहे, लेक शाळेत जाते. पण हौसेचं काम म्हणाल तर हेच, गावातल्या एका छोट्या गॅलरीच्या भिंतींची भोकं बुजवणं.

गाव सेंट आइव्हज, इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये. सेंट अर्थ स्टेशनात गाडी बदलली की उजव्या हाताला पाणी लागतं ते गाव येईपर्यंत साथ सोडत नाही. वस्ती आमच्या वेंगुर्ल्याइतकीच, दहा-बारा हजारांची. आणि आमच्यासारखंच मासळीचं गाव होतं. आमची गॅलरी ज्या कोठारात आहे तिथे एके काळी पिलचर्ड खारवायचे. पिलचर्ड म्हणजे आपल्या तारली-पेडव्यांचा भाऊबंद. पावसाळी हवेत कोपऱ्यातल्या दगडाला अजून वास येतो असं मी म्हणते, बाकीच्यांना येत नाही. आमच्या नाकाची घडणच वेगळी.

१८७७ साली इथे रेल्वे आली आणि तिच्यामागून चित्रकार. पुढे जाळी ठेवायच्या माळ्यांवर स्टुडिओ झाले, १९२० साली बर्नार्ड लीच आणि शोजी हमादा या दोन कुंभार-कलावंतांनी इथे मातीकामाची भट्टी लावली, आणि १९९३ मध्ये किनाऱ्यावरच्या जुन्या गॅस कारखान्याच्या जागी टेट ही मोठी गॅलरी उभी राहिली. तिकीट काढून लोक तिथे जातात. आमच्याकडे तिकीट नाही, दोन खोल्या आणि एक छपरातली खिडकी. पण आमच्याकडे दर तीन आठवड्यांनी चित्रकार बदलतो.

त्यामागे यंत्रणा आहे, आणि ती अगदी घरगुती आहे. नोव्हेंबरात एका संध्याकाळी सातजणं चहा घेत बसतात, आलेले अर्ज बघतात, आणि पुढच्या वर्षाच्या तारखा एका मोठ्या तक्त्यावर पेन्सिलीने लिहितात. ज्याची पाळी त्याने तीन आठवड्यांतले काही दिवस स्वतः राखणीला बसायचं. विक्री झाली तर ठरलेला हिस्सा गॅलरीचा. रविवारी संध्याकाळी पाचला प्रदर्शन संपतं आणि सोमवारी सकाळी नऊला आधीचा चित्रकार चित्रं गुंडाळत असताना नवा दारात गाडी लावून उभा असतो. मधल्या पाच-सहा तासांत भिंत परत कोरी करायची. पितळी पट्ट्या सोडवायच्या, भोकांत पुट्टी, सुकली की पॉलिश पेपर, मग पांढऱ्या रंगाचा हात. नंतर जमिनीपासून १५० सेंटीमीटरवर दोरी ताणायची आणि प्रत्येक चित्राचा मध्य तिच्यावर आणायचा. लहान-मोठी चित्रं एका ओळीत शिस्तीने दिसतात ती त्या दोरीमुळे. पाणसळ मी धरते, कारण बाकीचे चष्मेवाले.

पहिल्याच महिन्यात मी माती खाल्ली. भोकं बुजवली, पण घाईत घासली नाहीत. नंतर आलेल्या बाईंची चित्रं म्हणजे फिकट धुकं आणि फिकट समुद्र, फ्रेमशिवाय, भिंतीवर जवळजवळ विरघळणारी. दुपारी तीनला छपराच्या खिडकीतून तिरकं ऊन आलं आणि माझा एकेक टेंगूळ सावली टाकायला लागला. समुद्रावर गोवर आल्यासारखं दिसत होतं. बाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या, ते जास्त लागलं. गॅलरी सांभाळणाऱ्या आजींनी माझ्या हातात खरवडायचा पत्रा दिला आणि सांगितलं, सगळं उतरव, परत घास. रात्री आठला घरी गेले. तेव्हापासून मी बोटांनी भिंत चाचपते, डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही.

हिवाळ्यात खरी परीक्षा. उन्हाळ्यात पर्यटक इतके की गल्लीतून चालवत नाही, आणि फेब्रुवारीत कितीतरी घरं अंधारी, कारण मालक लंडनला. बाहेरच्यांनी घरं घेऊन गावच्या पोरांना राहायला जागा उरेना, म्हणून २०१६ साली गावाने मतदान घेऊन नवी घरं कायम राहणाऱ्यांसाठीच राखायची असं ठरवलं. आपल्याकडे चाकरमान्यांची कुलूपबंद घरं आहेत, पण ती निदान आपल्याच माणसांची, चतुर्थीला उघडतात. तर अशा फेब्रुवारीतही सोमवारी भिंत बदलते, आणि शुक्रवारी संध्याकाळी तीच तीच दहा-बारा माणसं ओले कोट काढून बघायला येतात. मासे विकणारा येतो, पोस्टातली बाई येते. मागच्या वेळचं आवडलं नव्हतं हे ती मोकळेपणी सांगते. तिला माहीत असतं की मागचं आता गेलेलं आहे.

वेंगुर्ल्यात मी ऑगस्टमध्ये येते. इथल्या शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतात, त्यामुळे माहेरचा गणपती मला सहसा मिळत नाही. मला मिळतो श्रावण, आणि श्रावणात मिळते भिंत.

सिंधुदुर्गातल्या वाचकांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगते. आमच्याकडे गणपती ज्या भिंतीला टेकून बसतो ती दर वर्षी नव्याने रंगवतात. नुसती रंगवत नाहीत, तिच्यावर चित्र काढतात. कैलास, धबधबा, कमळांचं तळं, मोर, बालकृष्ण, कधी देवळाचा गाभारा खांबांसकट. चतुर्थीच्या आधी दोन-तीन आठवडे गावातला पेंटर घरोघर फिरत असतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा तो होड्यांवर नावं घालतो. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला होड्या पाण्यात गेल्या की हा भिंतींकडे वळतो. यंदा त्याच्याकडे चौदा भिंती होत्या, आमची नववी.

लहानपणी मला यात काही विशेष वाटलं नव्हतं. परदेशात सोमवारी पत्रा हातात धरल्यावर आठवलं की ही हालचाल मी आधी पाहिलेली आहे.

दोन वर्षांपूर्वी उत्साहाच्या भरात मी गावाकडे गॅलरी काढायला गेले होते. गॅलरी कसली, एका सभागृहाची लांब भिंत मागितली. तिघा चित्रकलेच्या मास्तरांची आणि कॉलेजातल्या दोन मुलींची मिळून अठ्ठावीस चित्रं जमली. बंदर, दीपगृह, सुकत घातलेले बांगडे, माणिक चौपाटी. बैठकीत पहिला प्रश्न, उद्घाटनाला कोण? दुसरा प्रश्न, बॅनरवर फोटो कोणाकोणाचे? बॅनर सगळ्या चित्रांना पुरून उरेल एवढा झाला. श्रीफळं झाली, शाली झाल्या, भाषणं दीड तास झाली, आणि खुर्च्यांची पाठ चित्रांकडे. तरी लोक आले, पोरं पुढे घुसून आपापली होडी शोधत होती, मला भरून आलं. दोन दिवसांनी मी विमानात बसले.

पुढच्या ऑगस्टला गेले तर चित्रं तिथेच. काचेच्या आत बुरशीचे करडे ठिपके पडलेले. चिऱ्याची भिंत पावसाळ्यात पाझरते, खिळे गंजून दोन फ्रेमा तिरक्या झालेल्या, आणि एका दीपगृहावर कोणीतरी कॅलेंडर अडकवलेलं, कारण खिळा आयता होता. कोणाला दोष देऊ? उद्घाटनाची तारीख आम्ही चारदा ठरवली, उतरवायची एकदाही नाही. मराठीत चित्र काढणं म्हणजे रंगवणंही आणि भिंतीवरून खाली घेणंही. आमचं पहिलं झालं, दुसरं राहिलं. फ्रेमा मी माझ्या खर्चाने बदलून दिल्या. एका मास्तरांनी अजून माझ्याशी धड बोलणं केलेलं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे.

म्हणून यंदा काही घडवायला गेले नाही. लेकीला घेऊन पिंगुळीला गेले. कुडाळजवळचं हे गाव चित्रकथीसाठी ओळखलं जातं. ठाकर समाजाची ही परंपरा, तिला सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली याच कामासाठी पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या कथांची चित्रं, दोन-दोन पाठीला पाठ चिकटवलेली. गाणारा एक चित्र समोर धरतो, हुडुक वाजतो, प्रसंग सरला की चित्र फिरवतो किंवा बाजूला ठेवतो आणि पुढचं उचलतो. लेक म्हणाली, "यांच्याकडे तीन मिनिटांनी बदलतं." भिंतसुद्धा नाही, माणसाचे दोन हात. मी पुढचे दोन दिवस गप्प होते.

तिसऱ्या दिवशी पेंटर आला. गेल्या वर्षीचा मोर भिंतीवर होता, वर्षभरात समईच्या धुराने जरा काळवंडलेला, पण काय मोर होता! मान अशी वळवलेली की खोलीत कुठेही उभं राहा, तो तुमच्याकडे बघतो. मी म्हटलं, हा ठेवूया ना, यंदा नुसती कड रंगवा. त्याने पत्रा धारेला लावल्यासारखा पँटीला पुसला आणि विचारलं, "पुसलंय नाय, तर काढतलंय खंय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी विषय बदलला आणि त्याला सेंट आइव्हजच्याच आल्फ्रेड वॉलिसची गोष्ट सांगितली. १८५५ चा जन्म, आयुष्य बोटींवर आणि मग भंगाराच्या धंद्यात गेलं. १९२२ साली बायको वारली, घर खायला उठलं, तेव्हा सत्तरीला टेकलेल्या या माणसाने चित्रं काढायला घेतली. खोक्यांचे पुठ्ठे कापायचे, त्यावर होड्यांचा रंग. होडी महत्त्वाची म्हणून घरापेक्षा मोठी. १९२८ मध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड हे दोन चित्रकार त्याच्या उघड्या दारावरून जात होते, आत भिंतभर चित्रं, एवढ्याशा पुठ्ठ्यात एवढाले खिळे ठोकलेली. तिथून त्याचं नाव झालं. पैसा मात्र नाही, १९४२ साली तो गरिबांच्या आश्रमात वारला. आज तीच चित्रं मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

पेंटरने सगळं ऐकून घेतलं. "पुठ्ठ्यार होडयेचो रंग? पुठ्ठो तेल पिता. पयलो हात सरसाचो मारूक व्हयो होतो." मग थोडा वेळ खरवडून झाल्यावर, पाठमोराच, "होडी घरापरास मोठी, ह्या मात्र बरोबर."

मी त्याला आमच्या गॅलरीबद्दलही विचारलं. कापडावर काढा, मी घेऊन जाते, तीन आठवडे लावू. त्याची पहिली शंका भिंत कोणाची ही होती. दुसरी, समोर काय बसवणार? काहीच नाही, नुसतं चित्र, असं सांगितल्यावर तो हसला. त्याच्या हिशेबात चित्राच्या पुढे कोणीतरी बसायचं असतं, मधली जागा त्यासाठी मोकळी सोडायची असते. आमच्या मोराचीही पोटाखालची तीन फूट जागा नुसती निळी होती, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. हे असं कापड सेंट आइव्हजला टांगलं तर मधलं भोक कोण समजून घेणार? पोस्टातली बाई कदाचित.

प्रायमरचा पहिला हात मारला तेव्हा मोर गेला, त्याचा डोळा गेला नाही. पांढऱ्यातून तो तसाच बघत होता. लेकीने मोबाइल काढला, तोवर पेंटर रोलर घेऊन परत शिडीवर. "दुसरो हात मारूक व्हयो," म्हणाला. लेकीने त्याच्याकडून पॉलिश पेपर मागून घेतला आणि खालच्या कोपऱ्यातले टेंगूळ घासायला बसली, कोणी न सांगता. तळहाताने चाचपत होती. तेवढ्यापुरती मला माझ्या शिकवणुकीची ऐट वाटली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोपा विमानतळ गाठायचा होता. निघताना भिंतीवर नुसत्या पेन्सिलीच्या रेघा होत्या. काय काढणार हे त्याने सांगितलं नाही, डोंगर असावा किंवा लाट.

चतुर्थीला बाबांनी फोटो पाठवला. गणपती ठसठशीत, वर टांगलेली लाकडी चौकट, आमची माटवी, कवंडळांनी आणि नारळाने लगडलेली, दोन्हीकडे समया, पुढे पाट, फळं, अगरबत्तीचा धूर, आणि काकीचा अर्धा खांदा. मी तो बोटांनी मोठा करकरून पाहिला. माटवीच्या पानांमधून चारेक बोटं हिरवट निळा रंग दिसतो. लाटच असणार. फोन करून बाबांना म्हटलं, जरा बाजूने एक काढा. ते म्हणाले, आरतीला माणसं जमलीत, मग काढतो. तो फोटो अजून आलेला नाही, आणि परवा सोमवार आहे, आमच्या पुढच्या चित्रकाराच्या फ्रेमा जड आहेत, मोठी भोकं पडतील.