तुम्ही विचारलंत म्हणून : एक्सपर्ट किती घ्यायचे?

प्रबंधाचं टूल, म्हणजे माहिती गोळा करायची प्रश्नावली, तयार झालं की त्यातले प्रश्न विषयाला धरून आहेत का हे तज्ज्ञांकडून तपासून घ्यावं लागतं. तेव्हा एम.एस्सी. नर्सिंगच्या मुली दारात उभ्या राहतात आणि पहिला प्रश्न हाच असतो, "मॅडम, एक्सपर्ट किती घ्यायचे?" मी नवी मुंबईत रिसर्च शिकवते, त्यामुळे दर बॅचला हे विचारलं जातंच. हल्ली ठाण्याकडच्या फिजिओथेरपीच्या मुलीही फोन करून विचारतात. तर उत्तर आधी देऊन टाकते: सहा ते आठ. तीनच्या खाली जाऊ नका, दहाच्या वर जायची सहसा गरज पडत नाही.

हे आकडे माझ्या मनाचे नाहीत. मेरी लिन यांनी १९८६ साली नर्सिंग संशोधनासाठी हा हिशोब मांडला, तोच आजही वापरला जातो. प्रत्येक तज्ज्ञ प्रत्येक प्रश्नाला १ ते ४ गुण देतो. १ म्हणजे विषयाशी संबंध नाही, ४ म्हणजे अगदी नेमका. ३ किंवा ४ देणारे किती, त्याला एकूण तज्ज्ञांनी भागलं की त्या प्रश्नाचा सीव्हीआय (कंटेंट व्हॅलिडिटी इंडेक्स, म्हणजे आशयवैधतेचा आकडा) मिळतो. लिन यांच्या मते पाच किंवा त्याहून कमी तज्ज्ञ असतील तर सगळ्यांचं एकमत लागतं. सहा झाले की एकाचा विरोध चालतो. सहापैकी पाच म्हणजे ०.८३. म्हणून "पाचांपैकी चौघं हो म्हणाले, ०.८० आलंय, चालेल ना?" याला माझं उत्तर नाही असं असतं.

कारण साधं आहे. तिघांनी प्रश्न न वाचता नुसतं नाणं उडवून हो-नाही ठरवलं, तरी आठात एकदा तिघांचाही होकार येईल. पाच जण असतील तर बत्तिसात एकदा. पॅनेल लहान असलं की निव्वळ योगायोगाने जुळलेलं मतही एकमतासारखं दिसतं. पोलिट, बेक आणि ओवेन यांनी २००७ मध्ये हा योगायोगाचा वाटा वजा करून 'सुधारित कप्पा' (मॉडिफाइड kappa) नावाचा आकडा काढायची पद्धत दिली. सहापैकी पाचांचा होकार असेल तर ०.८३ चे साधारण ०.८२ होतात, म्हणजे फारसं काही जात नाही. तिघांपैकी दोघांचा होकार असेल तर मात्र ०.६७ वरून घसरून जेमतेम ०.४७ उरतात. हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करून बघा, किती तज्ज्ञ घ्यायचे ते मला विचारावं लागणार नाही.

इथे आणखी एक घोळ नेहमी होतो, तोही सांगून टाकते. लॉशे यांचा १९७५ चा सीव्हीआर (कंटेंट व्हॅलिडिटी रेशो) वेगळा. ते औद्योगिक मानसशास्त्रातले. त्यांच्यासमोर नोकरभरतीच्या चाचण्या होत्या आणि त्यांचा प्रश्न होता, "हे अत्यावश्यक आहे का?" दहापैकी आठ जण हो म्हणाले तर सीव्हीआर ०.६० येतो आणि त्यांच्या तक्त्यात दहा जणांसाठी किमान ०.६२ लागतो. म्हणजे आठ जणांचा होकार असूनही प्रश्न नापास झाला. 'संबंध आहे' आणि 'त्याशिवाय चालणारच नाही' यांत केवढं अंतर! फॉर्मवर चार गुणांचं रेटिंग घ्यायचं आणि प्रबंधात लॉशेंचा तक्ता लावायचा, असं कृपया करू नका.

आता खरं ते सांगते. मुलींच्या मनात प्रश्न रेटिंगचा नसतो, सह्यांचा असतो. प्रबंधाला कंटेंट व्हॅलिडिटी सर्टिफिकेट (तज्ज्ञाने टूल तपासल्याचा सहीचा कागद) जोडावं लागतं, म्हणून फाइल घेऊन नेरूळहून कामोठ्याला, तिथून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाणे गाठून कळव्याला जायचं आणि सह्या आणायच्या. त्यांची धावपळ मी रोज बघते, त्यांचा राग येत नाही. पण सही करणाऱ्याने काय वाचलं, कुठे अडला, हे त्या कागदावरून कुणालाच कळत नाही.

मधुमेही रुग्ण पायांची काळजी कशी घेतात, यावर एका विद्यार्थिनीने प्रश्नावली केली होती. त्यात एक प्रश्न होता, "तुम्ही अनवाणी चालता का?" पुस्तकी दृष्टीने उत्तम. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली की काच रुतली तरी समजत नाही, म्हणून हे विचारायलाच हवं. सहा तज्ज्ञांपैकी पाच जणांनी ४ दिले. सहावी आरोग्य केंद्रातली नर्स, वस्तीत घरोघरी फिरणारी. तिने २ दिले आणि समासात पेन्सिलीने लिहिलं, "घरात की बाहेर? घरात चप्पल कोण घालतं?"

सीव्हीआय ०.८३. नियमाप्रमाणे प्रश्न पास. पण ती नर्स बरोबर होती. आपल्याकडे चपला दाराबाहेर राहतात, देवळात तर प्रश्नच नाही. ज्या रुग्ण बाईने "नाही" म्हटलं ती रस्त्याचा विचार करत असणार, "हो" म्हणणारी कदाचित स्वयंपाकघराचा. दोघींच्या उत्तरांची बेरीज करून काय हाती लागणार? त्या एका प्रश्नाचे तीन झाले: घरात, घराबाहेर, देवळात. आकड्याने हे सुचवलं नव्हतं, पेन्सिलीच्या ओळीने सुचवलं. म्हणून माझा आग्रह असतो की रेटिंगशेजारी शेऱ्यासाठी मोकळी जागा ठेवा, आणि प्रश्न समजतो का याचा रकाना वेगळा करा.

सरासरीवर विसंबू नका, हेही सांगते. समजा वीस प्रश्न आहेत. अठरांना पूर्ण १.०० मिळाले, दोघांना ०.५० म्हणजे सहापैकी तिघांचाच होकार. पूर्ण टूलची सरासरी ०.९५ येते; अपेक्षा ०.९० ची. सगळ्यांचं एकमत असलेले प्रश्न ९० टक्के. अपेक्षा ८० टक्क्यांची. दोन्हीकडे टूल पास, आणि निम्म्या तज्ज्ञांना निरुपयोगी वाटलेले दोन प्रश्न आत सुखरूप! प्रत्येक प्रश्नाचा सीव्हीआय प्रबंधात दिसलाच पाहिजे.

आणि जो प्रश्न यादीत नाहीच, त्याला गुण कोण देणार? याच पायांच्या अभ्यासात पायलटच्या, म्हणजे छोट्या प्राथमिक चाचणीच्या, आधी विद्यार्थिनी काही रुग्णांसमोर प्रश्नावली वाचून दाखवत होती. दिवाळे कोळीवाड्यातली एक मासेवाली मावशी सगळं ऐकून म्हणाली, "पावसान दिसभर पाय वलंच रातान गो, त्या कं नाय इचारलं?" मासळीचं पाणी, ओली चप्पल, बोटांच्या बेचक्यांत आलेल्या चिखल्या. डॉक्टर, प्राध्यापक, नर्स, सहाही तज्ज्ञ अनुभवी होते, कुणाच्या यादीत ते नव्हतं. २०१८ मध्ये कॉस्मिन या, आरोग्याच्या मोजमापांचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने आशयवैधतेचे जे निकष दिले त्यांत प्रश्नांचा संबंध, यादीचा पुरेपणा आणि समजण्याजोगी भाषा हे तिन्ही पाहायला सांगितलंय, आणि ते रुग्णांनाही विचारायचं. माझ्या मते यातला पुरेपणा सगळ्यात दुर्लक्षित राहतो. फॉर्मच्या शेवटी "काय राहिलं?" एवढा एक प्रश्न टाकायला काहीच लागत नाही.

म्हणून सहा जण निवडताना सगळे प्राध्यापक घेऊ नका. विषयाचा डॉक्टर, टूल कसं बनतं हे जाणणारं कुणी, वॉर्डात किंवा वस्तीत काम करणाऱ्या दोन नर्स तरी. तुमच्या गाइडचे मित्रच सहाच्या सहा, असं नको. टूलसोबत एक पान द्या: काय मोजायचंय, कोणात मोजायचंय, निकालाचं काय करणार. हे न कळता तज्ज्ञ गुण कशाच्या आधारावर देणार? त्यांना वाचायला दोन आठवडे तरी द्या.

शेरे आले की प्रश्न बदला आणि बदललेले तेवढे त्याच तज्ज्ञांना पुन्हा पाठवा. परिशिष्टात सर्टिफिकेटच्या मागे एक तक्ता जोडा: जुना प्रश्न, तज्ज्ञाचा शेरा, नवा प्रश्न. वगळलेले प्रश्नही त्यात राहू द्यात, कारणासकट. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) बाहेरच्या परीक्षकांनी "व्हॅलिडिटी कशी केली?" विचारलं की तेच पान उघडून त्यांच्यासमोर ठेवा.